टेकडीवरून निघताना

जा ना, कोण नाही म्हणतंय तुम्हाला? मघापासून ऐकतोच आहे मी. पांढुर्ण्याहून पहाटे निघायचं, सौसरला पोहे खायचे, रामाकोन्याच्या पुढे आत वळायचं, डोंग्यात बसायचं, बेटावर आवळीचं जेवण करायचं आणि दिवस बुडायच्या आत घरी. सागरनं व्हॉट्सॲपवर ग्रुपही काढला म्हणे, आणि डिंपलची फोटोसाठी साडी काढून झाली. छान आहे. रोडगे मात्र घरूनच भाजून न्या. तिथे गवऱ्या पेटवायला बसाल तर अर्धा दिवस धूरच खाल, तुमची हुशारी मला माहीत आहे.

पण तुम्ही बेट म्हणता, आम्ही टेकडी म्हणतो. कारण ती टेकडीच होती. तिच्या पायथ्याशी गाव होतं. धरण झालं, गाव उठलं, पाणी चढलं आणि वरचा माथा तेवढा उरला. त्यावर आवळीचं जुनं झाड आहे. दर कार्तिकात लोक तिच्याखाली जेवतात आणि धडधाकट परत येतात. मीही गेलो आहे. तेव्हा घाबरवायला सांगत नाही. तिथून निघताना काय बोलायचं, तेवढंच सांगायचं आहे. आणि ते सांगायचं तर केशवरावांचं सांगावं लागतं. डिंपल, दार लोटून घे, हवा गार सुटली आहे.

केशवराव सौसरचे, तहसीलीतून रिटायर झालेले. मी संत्र्याच्या गाड्या भरायचो तेव्हापासूनची आमची ऊठबस. भला माणूस, पण कोणाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. दारात आलेल्याला गोड बोलून वाटेला लावायचं, ही त्यांची रीत. त्यांची बायको प्रमिला त्या बुडालेल्या गावची. आईबाप लहानपणीच गेलेले, भाऊ नाही, आजानं वाढवलेली. ती लग्न होऊन सौसरला आली आणि पाठोपाठ गाव उठलं. गाडीत सामान भरून लोक निघाले. तिचा म्हातारा आजा मात्र टेकडीवर चढला आणि आवळीखाली जाऊन बसला. मागून माणसं आणायला गेली, तर तिथे कोणी नव्हतं.

तेव्हापासून दिवाळी झाली की आजूबाजूच्या बाया माहेरी निघायच्या आणि प्रमिला मुकाट्यानं भांडी घासत बसायची. कधी तक्रार केली नाही तिनं. पण केशवरावांना ते पाहवत नसे. करोनाच्या पुढच्या वर्षी ते तिला म्हणाले, यंदा तुला माहेरी जेवायला नेतो. तुमच्यासारखंच सगळं ठरवलं. आवळी नवमीचा दिवस धरला, ओळखीची गाडी सांगितली, कवडूच्या डोंग्याचं पक्कं केलं. हा कवडू तिथला जुना नावाडी, मासे धरणारा. बाई इतकी खुश होती की आदल्या रात्री झोपली नाही म्हणे.

पाण्याच्या मधोमध आल्यावर कवडूनं वल्हं थांबवलं. म्हणाला, तिथं काही बोला, हसा, भांडा, पण निघताना नेहमीसारखं "येतो" म्हणू नका. केशवरावांनी विचारलं, मग काय म्हणायचं?

"जातो म्हना. नाईतर चूप राहा."

"काऊन?"

"गाव उठलं तवा जो तो त्या बुढ्याले येतो म्हनून गेला. कोनीच आलं नाई. आता तिथं कोनी येतो म्हनलं का, खरं धरतेत."

कोण धरतं, ते त्यानं सांगितलं नाही. वल्हं मारायला लागला.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात बाई असो की बुवा, "जातो" कोणी म्हणतं का? मयताला जाणारा माणूससुद्धा घरातून येतो म्हणूनच निघतो. आणि ही तर माहेरवाशीण. दिवसभर प्रमिला आवळीखाली बसली, जेवायला आलेल्या सगळ्यांना वाढलं, झाडाच्या बुंध्याशी हळदकुंकू वाहिलं. उन्हं कलली, कवडूनं हाक दिली. केशवरावांनी तिला आठवण करून दिली, चूप राहा. तिनं मान हलवली. डोंग्यात पाय ठेवला... आणि मागे वळून, खोडाला हात जोडून म्हणाली, "येतो, आबाजी."

केशवराव चिडले. ती म्हणाली, "माहेरातून निघताना जातो कसं म्हनू? तोंडातच नाई आलं."

कवडूनं वल्हं जोरात मारायला सुरुवात केली.

नवमी गेली. तीन दिवसांनी, द्वादशीच्या संध्याकाळी, केशवराव ओसरीवर बसले होते. दिवे नुकतेच लागले होते, बाई आत कणीक मळत होती. एक म्हातारा पायरीशी येऊन उभा राहिला. धोतर, डोक्याला फडकं, पाय अनवाणी. केशवरावांनी ओसरीवर या म्हटलं, तर तो आला नाही, खालच्या पायरीवर टेकला. पाणी विचारलं.

"पानी नको. पानी लय झालं."

मग म्हणाला, "पोरीले न्याले आलो."

केशवरावांना वाटलं, बायकोच्या गावचा कोणी असेल. उठलेलं गाव ते, माणसं दहा ठिकाणी पांगलेली. न्यायला आलेल्या माणसाला सासरचे जे म्हणतात, आपण सगळेच म्हणतो, तेच ते म्हणाले. "आता दिवस बुडाला, आज कसं जमंल? दोन दिवसांनी पाठवतो ना."

म्हातारा त्यांच्याकडे पाहत राहिला.

"पाठवता?"

"हाव, पाठवतो."

"बरं. वाट पायतो मंग."

केशवराव चहाचं सांगायला आत वळले आणि मागे पाहिलं तर पायरी रिकामी होती. प्रमिला परातीपाशी तशीच बसलेली, कणकेचा हात तसाच. तिनं आवाज ओळखला होता. "आबाजी होते," ती म्हणाली. केशवराव मला सांगत होते, भाऊराव, ती घाबरली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसत होती.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं आपण काय बोलून बसलो ते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चल, नागपूरला मुलीकडे राहू. ती नाही म्हणाली. "तुमी शब्द देला ना त्यायले." ओढून न्यायला गेले तर खांबाला धरून बसली. पुजारी झाला, अंगारा झाला, मुलगी फोनवर रडली. प्रमिला सगळ्यांशी नीट बोलत होती, स्वयंपाक करत होती. फक्त एक नवं लुगडं काढून उशाशी ठेवलं.

चतुर्दशी आली. वैकुंठ चतुर्दशीची रात्र, चांदणं पिठासारखं पडलेलं. मुलीला पोचायला सकाळ होणार होती. केशवरावांनी दाराला आतून कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. दाराला टेकवून खाट टाकली. तिला म्हणाले, तू माझ्या डोळ्यासमोर झोप. ती झोपली. ते जागे. शेजारचा कुत्रा भुंकत होता. मग गप्प झाला. मग... सगळंच गप्प झालं.

बाहेर पायरीवर कोणीतरी बसलं.

केशवरावांनी आवाज दिला नाही. बाहेरचंही काही बोललं नाही. हाक नाही, टकटक नाही. नुसतं बसून होतं. वाट पाहत.

केशवराव हळूच म्हणाले, "मी नाई पाठवत."

काही नाही.

"मी चुकून बोललो. नाई पाठवत मी तिले."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं कोणाला तरी नाही म्हटलं होतं. बाहेर शांत. फार वेळ शांत. त्यांना वाटलं, गेला. डोळे मिटले असतील... नसतीलही. त्यांनाच सांगता येत नाही.

खांद्यावर हात आला. बायकोचा हात, ते ओळखतात. कानाशी तिचा आवाज.

"जातो मी."

येतो नाही. जातो.

डोळे उघडले. बिछाना रिकामा. कडी लागलेली. कुलूप तसंच. किल्ली कमरेला.

...

पोलीस झाले, पाण्यात गळ टाकले, डोंगे फिरले, पेपरात फोटो आला. काही सापडलं नाही. कवडू त्या बाजूला डोंगा नेत नाही आता, दुसऱ्या कोणाचा तरी असेल तुम्ही ठरवलेला. केशवराव एकटेच राहतात. मुलगी चला म्हणते, ते जात नाहीत. पायरीवर बसून असतात. मला फार वाईट वाटतं त्यांचं. भेटायला गेलं की एवढंच म्हणतात, तिनं येतो म्हटलं असतं तर मी वाट पाहिली असती.

यंदाच्या भाऊबिजेला, म्हणजे परवाच, सकाळी त्यांचा फोन आला. नुसतं म्हणाले, या. मी गाडी काढून सौसरला गेलो. ओसरीवर एक दुरडी होती, माहेरून सासरी धाडतात तशी, वर फडकं बांधलेलं. फडकं ओलं होतं, खाली पाणी टिपकत होतं. कोणी ठेवली, गल्लीत कोणालाच माहीत नाही. केशवरावांनी ती उघडली नव्हती, माझ्यासाठी थांबले होते.

मी गाठ सोडली. आत सारण भरलेले, मुरड घातलेले कानोले होते. कोरडे. आणि गरम... आत्ता कढईतून काढल्यासारखे.

प्रमिला डावखुरी होती. तिच्या कानोल्याच्या काठाची मुरड उलटी पडायची, सगळ्या गल्लीत ओळखू यायची.

केशवरावांनी एक उचलला. उजेडाकडे धरला. काठावरून हळूच बोट फिरवलं.

मुरड उलटी होती.