तेरा हात दिसत असताना

“साहेब, पाच वाजता कमिटी बसतेय. तोवर खरं काय ते कळलं नाही, तर मला चोर ठरवून काढून टाकतील.”

ब्रिज क्लबात डाव लावणाऱ्या बाई एवढं बोलून खुर्चीच्या कडेवर टेकल्या. त्यांचा थोरला भाऊ, इमारतींचा ठेकेदार आणि क्लबाचाच खेळाडू, पाठीशी उभा होता.

वकीलसाहेबांनी वकिली सोडून गुप्तहेरी धरली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांचे सोबती मास्तर आठवड्यातून दोनदा क्लबात हरायचे आणि घरी जिंकलो म्हणून सांगायचे. बाईंना ते चांगले ओळखत होते. पत्ते लावण्यात बाईंच्या हातून वीस वर्षांत एक चूक झाली नव्हती.

हकिगत सरळ होती. रविवारी संघनिवडीची स्पर्धा झाली. बाईंनी लावलेले तेच डाव सगळ्या टेबलांवर फिरले. कोणाकडे कोणती पानं, याचा तक्ता लाखबंद पाकिटात, बाईंच्याच खोलीत होता. स्पर्धा संपल्यावर पाहतात तर लाख फोडून पुन्हा चिकटवलेली.

“रविवारी सकाळी तुमच्या खोलीत कोण आलं होतं?”

“दातांचे डॉक्टर आले, खेळाडूंची यादी विचारायला. आजीबाई आल्या, चष्मा शोधायला. आणि दादा, डबा द्यायला. पण तो काय मोजायचा?”

वकीलसाहेबांनी गुणांचे कागद चाळले आणि अठराव्या डावावर बोट ठेवलं. जवळपास सगळ्या टेबलांवर सात बदामांची बोली, म्हणजे तेराच्या तेरा हात करण्याची पैज. आणि तिथे सगळीकडे एक हात कमी पडला होता. फक्त दोघे सहावर, म्हणजे बारा हातांवर, थांबले आणि जिंकले: आजीबाई आणि ठेकेदार.

डॉक्टर दवाखान्यात भेटले. अजून धुसफुसत होते.

“तेरा हात उघड दिसत होते. बोलीतून भिडूला एक्के विचारले, राजे विचारले, सगळे होते. पण पहिलंच पान चौकटचं आलं, आणि उजवीकडच्याकडे चौकट नावालाही नाही. त्यानं हुकमानं कापलं. हे कुणाला आधी कळणार? आमचा ठेकेदार तर अकराच हात दिसले तरी सात बोलतो, म्हणून त्याच्याकडे भिडू टिकत नाहीत.”

आजीबाई विणत बसल्या होत्या.

“मी सात बोलतच नाही हो. तीस वर्षांत एकदाही नाही. तेरा दिसले तरी मला चौदावं संकट दिसतं.”

बाहेर पडताच मास्तर कुजबुजले, “म्हातारी आतल्या गाठीची आहे.”

वकीलसाहेबांनी वाटेत क्लबात थांबून जुने कागद चाळले.

ठेकेदार बांधकामावर होता. अठराव्या डावाचं नाव निघताच खुलला.

“विरुद्ध बाजूचे दोघे अगदी मुके. शेवटपर्यंत पासशिवाय शब्द नाही. माझ्या भिडूनं एक्के-राजे सगळे सांगितले.”

“आणि तुम्ही सहावर थांबलात?”

“वय झालं, अक्कल आली,” तो हसला.

साडेचारला सगळे बाईंच्या खोलीत जमले.

“मास्तर, तुम्ही आजीबाईंना धरलंत,” वकीलसाहेब म्हणाले. “पण सहावर थांबणं हा त्यांचा स्वभाव. क्लबाचे जुने कागद मी पाहिले, त्यात त्यांची सातची बोली नाही. डॉक्टरांनी तक्ता पाहिला असता तर ते आपटले नसते. राहिला एकच. जो अकरावर सात बोलतो, तो तेरा दिसत असताना थांबला. विरुद्ध बाजूच्यांच्या बोलीतून काही कळलं म्हणावं, तर ते मुके होते. उजवीकडे चौकट नाही, हे त्याला फक्त पाकीट सांगू शकत होतं.”

बाई भावाकडे पाहत राहिल्या.

“दादा?”

ठेकेदाराची मान खाली गेली. “एकदा तरी संघात जायचं होतं गं. तुझ्यावर कोण संशय घेणार, असं वाटलं.”

“तुझ्यावर मी घेतला नाही.”

“गप्प राहा ना. दुसरी नोकरी मी देतो मिळवून. मला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

मास्तरांना वाटलं, आता ही विरघळणार. बाईंनी डोळे पुसले आणि भावाचं मनगट धरलं, शाळेला निघालेल्या हट्टी पोराचं धरावं तसं.

“चल. कमिटीला तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहते.”

तो उठला. मीटिंगच्या खोलीच्या दारापर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही.