पिवळ्या टाकीची किल्ली

फोरमन आत आला तेव्हा वहिनी भावोजींवर वैतागलेल्या होत्या. भावोजींनी आपल्या कपात उरलेला गार चहा त्यांच्या ताज्या कपात ओतला होता.

"म्हटलं, वाया कशाला घालवायचा," भावोजी म्हणाले.

"आता दोन्ही वाया गेले." वहिनींनी कप खिडकीत नेऊन ठेवला.

वहिनी पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवत. वीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकून झाल्यावर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं. सबबी त्याच राहिल्या, सांगणारे तेवढे मोठे झाले. भावोजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवणं, टिपणं ठेवणं आणि सगळं उशिरा समजणं ही त्यांची कामं.

फोरमन साठीला टेकलेला होता. उजवा गुडघा आखडलेला आणि गळ्यात काळ्या दोरीत एक किल्ली.

"उद्या शुक्रवार. उद्या दुपारी साहेब मला काढणार, बाई," तो म्हणाला. "निवृत्तीला दोन महिने राहिलेत. काढलं तर काढलं, पण कागदावर घातपात लिहिणार. एकतीस वर्षं इंजिनं जुळवली मी. मरेपर्यंत लोक म्हणतील, ह्यानेच ती बिघडवली."

"नीट, पहिल्यापासून सांगा."

ट्रकच्या कारखान्यात दोन प्रकारच्या गाड्या बनत. देशातल्या गाड्यांना धूर गाळणारी पेटी असे आणि त्यांना स्वच्छ डिझेल लागे. दुसऱ्या गाड्या बोटीने परदेशी जात. तिकडच्या डिझेलमध्ये गंधक फार, म्हणून त्यांना साधं धुराडं आणि सगळं पचवणारं इंजिन. ती इंजिनं तपासायलाही तसलंच डिझेल लागे. ते पिवळ्या टाकीत असे. टाकीला कुलूप होतं आणि किल्ली फोरमनच्या गळ्यात.

"आता देशातल्याच पाच गाड्या रस्त्यात बसल्या. पेट्या गंधकाने मेल्या. साहेब म्हणतात, गंधक म्हणजे पिवळी टाकी, पिवळी टाकी म्हणजे किल्ली, आणि किल्ली म्हणजे मी."

"किल्ली कधी कुणाला दिलीत?"

"आंघोळीलासुद्धा काढत नाही."

"अहो, मग तुम्हीच केलंत की," भावोजी म्हणाले. वहिनी ते कानाआड करून फोरमनकडे वळल्या.

"कारखान्यात तुमचं कोण?"

"आवारातला ड्रायव्हर. आधी माझा शिकाऊ, मग जावई. माझा गुडघा असा, तर तोच रोज मोटारसायकलवरून आणतो. मी शेडमधून आवारात जातसुद्धा नाही हल्ली. भांडारवाल्याचं मात्र माझ्याशी पटत नाही. त्यानेच भिकार पेट्या दिल्या असतील."

तासाभरात ते साहेबांसमोर होते. साहेबांचं टेबल इतकं स्वच्छ होतं की त्यावर काम होत असेल असं वाटत नव्हतं.

"सरळ प्रकरण आहे," साहेब म्हणाले. "म्हातारा चिडलाय. निवृत्तीआधी सूड घेतोय."

"कशाचा?"

"ते तुम्ही शोधा." साहेब उठून खिडकीशी गेले. "आवार पाहिलंत? सव्वा महिन्यापूर्वी परदेशी खरेदीदार आले, तेव्हापासून आरशासारखं ठेवलंय. शिस्त लागते. प्रत्येक नव्या गाडीत वीस लिटर डिझेल, पहिल्या पंपापर्यंतचे सत्तर किलोमीटर जाण्यापुरतं. एक थेंब जास्त नाही."

भांडारवाला आधीच फुरंगटला होता. "त्या फोरमनने माझ्याविरुद्ध तीन वेळा लिहून दिलंय. पण पेट्या चांगल्या आहेत. त्याच खेपेतल्या दोनशे पेट्या धावताहेत. ही बघा तक्रारपत्रं."

वहिनींनी वाचलं. पाचही गाड्या शुक्रवारी बाहेर पडलेल्या, दर आठवड्याला एक. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं: 'पंपावर न थांबता दोनशे किलोमीटर आलो, गाडी लोण्यासारखी चालली, आणि मग जळक्या काडीचा वास येऊन तिने दमच सोडला.'

"बिचारा. कौतुक करतोय आणि तक्रारही," भावोजी म्हणाले.

"लिहून घ्या ते."

"कौतुक की तक्रार?"

"आकडा, भावोजी, आकडा."

आवाराच्या कुंपणाशी एक मोठी कुंडी होती. रोप करपलेलं, आणि कुंडीभोवती जमिनीवर तिच्याहून मोठं काळं, तेलकट वर्तुळ. भावोजी त्यावरून घसरता घसरता वाचले.

ड्रायव्हर आपल्या खोपटात डबा खात होता. तिशीचा, अबोल स्वभावाचा. टेबलाखाली दोन कॅन होते आणि एकाची कड ओली होती. सासऱ्याचं नाव निघताच त्याने डबा बंद केला.

"मामा असं करणार नाहीत," तो म्हणाला.

"मग कोण करेल?"

"काय माहीत. मी दिवसभर गाड्या हलवतो. त्यात आज गुरुवार, बोटीचा दिवस. आठ गाड्या न्यायच्या. डिझेलचा काटा लाल रेषेवर नसेल तर बोटवाले चढू देत नाहीत. नाकी नऊ येतात."

"सासऱ्यांकडे काय शिकलात?"

"सगळंच. डिझेलचा थेंब सांडायचा नाही, हे पहिलं. सांडलं की पाठीत धपाटा." तो हसू लागला आणि मध्येच थांबला.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "भांडारवाला. शंभर टक्के."

"भावोजी, सकाळचा चहा आठवतो? सगळ्यांना कुंडीपाशी बोलवा."

उन्हात उभं राहावं लागलं म्हणून साहेब कुरकुरत होते. फोरमन लंगडत शेवटी आला.

"सगळे पिवळ्या टाकीच्या कुलपाकडे बघत बसले," वहिनींनी सुरुवात केली. "कुलूप शाबूत, किल्ली गळ्यात, म्हणजे फोरमन. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातला हा प्रकार. टाकीतून डिझेल चोरीला गेलंच नाही. ते रीतसर बाहेर पडलं, बोटीच्या गाड्यांच्या पोटातून."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"तुमची नवी गाडी वीस लिटरवर सत्तर किलोमीटर जाते. बिघडलेली गाडी पंपावर न थांबता दोनशे गेली. म्हणजे तिच्यात साठ लिटर होते. वरचे चाळीस कुठून आले? पाचही गाड्या शुक्रवारच्या. गुरुवारी बोटीच्या आठ गाड्यांच्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतात, नाहीतर बोटवाले घेत नाहीत. गाडीमागे पाच लिटर धरा. ते डिझेल पूर्वी कुठे जायचं, ते ह्या वर्तुळाला विचारा. कुंडी एवढी आणि डाग केवढा? इथे ड्रम होता."

"गचाळ ड्रम होता," साहेब म्हणाले. "पाहुणे येणार होते. मीच हलवला."

"सव्वा महिन्यापूर्वी. म्हणजे पाच गुरुवार, आणि पाच गाड्या. ड्रम हलवलात, पण ते डिझेल आता कुठे ओतायचं हे कुणालाच सांगितलं नाहीत. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून एकाने ते दुसऱ्या दिवशीच्या गाडीत ओतलं. आमच्या भावोजींसारखं. आजचे दोन कॅन खोपटात भरलेले आहेत."

कुणी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं नाही. तोच पुढे आला.

"मला वाटलं, डिझेल ते डिझेल," तो म्हणाला. "आपली इंजिनं काय कच्ची आहेत? तिसरी गाडी बसली तेव्हा शंका आली. पण तोवर मामांचं नाव पुढे आलं होतं. मग कसं बोलायचं तेच सुचेना. आणि न बोलता आधीच्यासारखंच करत राहिलो. नाहीतर कॅन कुठे रिकामे करायचे?"

फोरमनचा चेहरा उतरला. निर्दोष ठरल्याचं सुख त्याला क्षणभरही मिळालं नाही.

"रोज सकाळी मला मागे बसवून आणत होतास," तो म्हणाला. "वीस मिनिटांचा रस्ता. एकदाही तोंड उघडलं नाहीस."

"उद्याचं बडतर्फीचं पत्र ह्याच्या नावाने निघेल," साहेब म्हणाले.

"तिघांच्या नावाने काढा," फोरमन वळून म्हणाला. "ड्रम हलवला तुम्ही. ओतलं ह्याने. आणि थेंब सांडू नकोस म्हणून ह्याच्या पाठीत धपाटे घातले मी. कुठलं डिझेल कशात चालत नाही, ते शिकवायचं राहिलं. ती चूक माझी. काढा पत्र."

साहेबांनी कुंडीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. भावोजींनी टिपणवही मुद्दाम उघडी धरली होती.

"ड्रम परत आणा," शेवटी साहेब कुणाला तरी म्हणाले, आणि पत्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

फोरमनने गळ्यातली किल्ली काढून जावयाच्या हातात ठेवली. "दोन महिने आहेत. उद्यापासून शेडमध्ये ये. ही कशाला लावतात ते आधी शिक."

पाळी सुटली तेव्हा फोरमन एकटाच पायी फाटकाकडे निघाला होता. जावई मोटारसायकल ढकलत दहा पावलं मागे चालला होता. ती सुरू करायचा त्याला धीर होत नव्हता. फाटकापाशी फोरमन थांबला आणि गुडघा धरून उभा राहिला.

"बघतोस काय? चालू कर," तो वैतागून म्हणाला. "आणि त्याआधी हिच्या टाकीत काय ओतलंयस, ते सांग."