शीतगृहातली जागा

स्फाक्सच्या बंदरात, मासळीच्या शीतगृहात मुलाखत देऊन सिहेम तावातावानं बाहेर पडली आणि पायरीवरच्या हत्यारांच्या पेटीला अडखळली. हातातली फाईल निसटली... वाऱ्यानं पदवी एकीकडे, गुणपत्रकं भलतीकडे! पेटीचा मालकही मुलाखतीलाच आलेला; तो धावत जाऊन एकेक कागद घेऊन आला.

"इंजिनियर! तेही पहिल्या वर्गात? मग नोकरी पक्की."

"अनुभव नाही म्हणे. चार वर्षं हेच ऐकतेय. तुमचं काय झालं?"

"बारा वर्षं कॉम्प्रेसर दुरुस्त करतोय. इथला बंद पडला की मलाच बोलावतात. पण नोकरीला प्रमाणपत्र हवं म्हणे!" तो हसला. "आपण दोघं मिळून एक अख्खा उमेदवार झालो असतो, नाही?"

सिहेम हसली नाही. त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "मला काम शिकवाल? बदल्यात मी तुमची प्रमाणपत्राच्या परीक्षेची तयारी करून घेते."

नौफेल त्याचं नाव. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या दुकानात हजर!

"मादाम इंजिनियर, तो पाना आहे, पेन नाही. जरा जोर लावा—"

"आणि उस्ताद, हे दशांश चिन्ह आहे, माशी नाही. उडवून लावू नका!"

भांडता भांडता कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही. पहिल्या खेपेला तो लेखी परीक्षेत नापास झाला, तेव्हा तिनं वहीचं नवं पान उघडलं.

सात महिन्यांनी शीतगृहाचं पुन्हा बोलावणं आलं. साहेबांनी तिला बंद कॉम्प्रेसर दाखवला, तिनं तो चालू केला. साहेब खूश झाले.

"अनुभवाचा दाखला तेवढा एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा आणा. त्या मेकॅनिकचा चालणार नाही."

"त्यानं शिकवलेलं काम चालतं, त्याची सही चालत नाही?" सिहेम उठली. "मग मीही चालणार नाही."

दुकानात हे ऐकून नौफेल भडकलाच.

"वेडी आहेस का? चार वर्षं वाट पाहिलीस या नोकरीची!"

"पाहिली. आता नाही पाहणार. माझ्या पदवीवर कंपनीची नोंदणी होते, मी चौकशी करून आलेय. पाटीवर दोघांची नावं. आणि तू जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसायचंस."

"पुन्हा नापास झालो तर?"

"पुन्हा बसायचं."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "सिहेम... पाटीवर ठीक आहे. पण मला तर... लग्नपत्रिकेवरही दोघांची नावं हवीत."

तिचे कान लाल झाले. नजर मात्र तिनं वळवली नाही.

"रविवारी घरी जेवायला ये. आई रव्याचं कुसकुस रांधते. तिला विचार."

"ती म्हणेल, पोरगा शिकलेला नाही—"

"म्हणू दे," सिहेम म्हणाली. "मी तिच्यासमोर तुझ्या शेजारी बसलेली असेन."