फाट्यावरची पाटी

डोंगरातल्या फाट्याशी पोचेपर्यंत सगळ्यांच्या नाकांचे शेंडे लालबुंद झाले होते. हिवाळ्याच्या सुट्टीत लंबू आणि त्याची धाकटी बहीण बटण त्यांच्या मैत्रिणीकडे, खारूकडे राहायला आले होते. सोबत त्यांचे बाबाही होते. ते भूगोल शिकवत, म्हणून खारू त्यांना सरच म्हणायची. वरच्या विश्रामघरात मुक्काम करायचा बेत होता. नकाशा घरी टेबलावरच राहिल्याचं सरांनी अर्ध्या वाटेत, घसा खाकरत, कबूल केलं होतं.

फाट्यावर पाटी होती. 'विश्रामघर', आणि खाली वेगळ्या फळीचा बाण, उजवीकडे. सर तिकडे वळलेसुद्धा.

खारू मात्र खांबाशी घुटमळली. वाऱ्याने दोन्ही वाटांवरच्या पाऊलखुणा बुजवल्या होत्या. खांबाच्या माथ्यावर वीतभर बर्फ साचला होता, पाटीवर मात्र कणही नव्हता. खिळेही नवेकोरे, चकाकणारे. तिने लंबूच्या कानात सांगितलं, की ही पाटी आजच कुणीतरी काढून पुन्हा ठोकली आहे.

लंबूने बाबांना हाक मारली. सरांनी मागे न बघताच उत्तर दिलं, "पाटीवर विश्वास ठेवायचा, गप्पांवर नाही. चला."

आता सरांना थांबवायचं कसं? लंबूने बटणला डोळा मारला. बटणने तिथेच बसकण मारली आणि बुटात बर्फ गेल्याचा सूर लावला. तिच्या बुटाच्या नाडीची गाठ सोडवणं म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती! सर हातमोजे काढून, दातओठ खात त्या गाठीला भिडले.

तेवढ्यात दोघं कामाला लागली. खारूच्या घरी पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून शेगडीची राख टाकत. विश्रामघरवालेही वाटेवर टाकतच असणार. तिने उजवीकडची वाट बुटाने खरवडली. खाली नुसता बर्फ. लंबूने डावीकडची खरवडली, तर बोटभर बर्फाखाली काळी राख. दहा पावलांवर पुन्हा राख, वीसवर पुन्हा.

"सर, जरा इकडे बघता?" खारू म्हणाली.

सरांनी पाहिलं. चिमूटभर राख बोटांवर चोळली, आणि डावीकडे चालू लागले. गाठ तशीच राहिली.

पाऊण तासात विश्रामघर आलं. शेगडीपाशी बसलेल्या रखवालदाराने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. सकाळी पाटी रंगवून तो परत ठोकायला गेला, तेव्हा फोनवर बायकोशी भांडण चालू होतं. तोंड एकीकडे, हात भलतीकडे, आणि बाण उलटा ठोकला गेला.

"उजवीकडे पुढे काय आहे?" लंबूने विचारलं.

"कडा," तो हळूच म्हणाला. "वाऱ्याने बर्फ कड्याच्या पुढे सरकतो. वरून जमीनच वाटते."

सर बाकावर बसले. त्यांनी बटणला जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग खारूकडे वळून म्हणाले, "वीस वर्षं मी वाटा फळ्यावर काढतोय. पायाखालची वाट खरवडून बघायची, हे आज तुम्ही शिकवलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी रखवालदार हातोडी घेऊन निघाला, तो मुलांना सोबत घेऊनच. पाटी खांबाला टेकवून त्याने प्रत्येक खिळ्याआधी खारूकडे पाहिलं.

"बाईसाहेब, ठोकू?"

तिने बाण नीट निरखला, मान हलवली, तेव्हाच हातोडी पडली.