वरच्या पलंगावरचं सामान

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातला एक शब्दही मी रचलेला नाही. रचायचंच असतं तर शेवट तरी जरा बरा केला असता.

एरो माझा मामेभाऊ. गेल्या वर्षी सात ऑक्टोबरच्या रात्री तो कॅनडातल्या थंडर बे गावी घरी परतला. पाठीवर सॅक टाकून, चौदा महिने एकट्याने दक्षिण अमेरिका पालथी घालून.

घरात फक्त त्याचे वडील, वाइनोमामा होते.

मामी एप्रिलमध्येच गेली. एरो तेव्हा पार खाली पातागोनियात होता... बातमी कळायला नऊ दिवस लागले. आता जाऊन काय करायचं, म्हणून तो आलाच नाही.

मामांनी सॅक उतरवून घेतली. सूप वाढलं, खोलीतला दिवा लावून दिला. लहानपणचा दुमजली पलंग तसाच होता. एरो खाली आडवा झाला.

पहाटे पाचला जाग आली.

चुर्र... चुर्र...

वर कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सामान भरत होतं.

एरो मुळीच दचकला नाही. प्रवाशांच्या हॉस्टेलात रोजचंच ते. प्रत्येक खोलीत एक महाभाग असतो, पहाटेची बस आणि शंभर पिशव्यांवाला. अशा वेळी बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, झोपेचं सोंग घ्यायचं आणि मनात शिव्या घालायच्या. एरोने तेच केलं.

उजाडल्यावर पाहिलं...

वर गादीसुद्धा नव्हती.

आठ पहाटा हेच चाललं. भूत आहे हे कळूनही तो पाठ फिरवून पडून राहिला. सवय ती सवय. एकदा चुरचुर मध्येच थांबली... कोणीतरी खाली वाकून बघतंय असं वाटलं...

एरो खोटंखोटं घोरला.

नवव्या पहाटे काहीच नाही.

ती शांतता मात्र त्याला सोसेना. मामा कॉफी गाळत होते. त्याने सगळं सांगून टाकलं.

"आई होती तुझी," मामा म्हणाले. "शेवटचा महिना त्याच खोलीत निजायची. वरच्या पलंगावर पिशव्या मांडून रोज भरायची. तुझ्याकडे निघायचं होतं तिला."

"तुम्हालाही ऐकू यायचं?"

"रोज. म्हटलं, मायलेक बोलत असतील."

"मी झोपेचं सोंग घेतलं, बाबा."

मामांनी त्याच्या खांद्यापर्यंत वाढलेल्या केसांकडे पाहिलं. "पाठमोरा तू मलाही ओळखू येत नाहीस."

दोन दिवसांनी बोगोटाहून निरोप आला. एरोचा पहिला मुक्काम तिथलाच. हॉस्टेलवाल्याने लिहिलं होतं... पिशव्या घेतलेल्या एक बाई तुझी चौकशी करत होत्या. तू पुढे गेलास म्हणून सांगितलं. त्याही पुढे गेल्या.

मामांनी ते दोनदा वाचलं.

"तुला सगळं फिरून यायला किती महिने लागले?"

"चौदा महिने."

"तिचे गुडघे दुखतात. वीस धर."

तेव्हापासून निरोप येताहेत. कीटो. कुस्को. ला पाझ. दर वेळी एरो लगेच कळवतो, तिला सांगा मी घरीच आहे. दर वेळी ती आदल्याच दिवशी निघून गेलेली असते.

पुढचा मुक्काम पातागोनिया. मामी गेल्याची बातमी एरोला तिथल्या हॉस्टेलच्या मालकीणबाईंनीच दिली होती. कुशीत घेऊन, केसांवरून हात फिरवत.

मामी त्यांच्यासमोर उभी राहून मुलाचा पत्ता विचारेल, तेव्हा त्या तिला काय सांगतील? त्याची आई तर वारली, असं?

एरोने त्यांना तीन पत्रं लिहिलीत.

अजून उत्तर नाही...