मझार कोनी शे का?

दार बंद झालं, तेव्हा मोहिनी केळीच्या कॅरेटमागे उकिडवी बसून तापमान बघत होती.

"अहो, मी आहे आत!"

जाड भिंतींनी आवाज गिळून टाकला. ती धावत दाराशी आली. आतून दार ढकलायचा लाल दट्ट्या जागेवर नव्हता. सकाळी तिने तो दाबून पाहिला होता. आता तिथे नुसतं भोक होतं. मोबाइलला रेंज नव्हती.

चुकून लागलेल्या दाराचा दट्ट्या कोणी काढून नेत नाही.

मोहिनी पुण्याच्या एका खाद्य कंपनीची तपासनीस. शेतापासून दुकानापर्यंत आपला माल जिथून जिथून जातो, तिथला धूर निम्म्यावर आणायचा, असं कंपनीने ठरवलं होतं. पुरवठादारांनी डिझेल सोडायचं, नाहीतर करार संपला. यावल रस्त्यावरचं अखिल शेठचं हे केळी पिकवण्याचं केंद्र त्यात सगळ्यांच्या पुढे होतं. जनरेटर विकला, सगळं सौर पॅनलवर चालतं म्हणे. कागदावर सूर्य कधी मावळत नाही, म्हणून मोहिनी स्वतः बघायला आली होती.

दार कोणी लावलं? इथली एक रीत तिने सकाळीच पाहिली होती. केळी पिकवायच्या या बंद खोल्या सांभाळणारे तोतारामनाना मूळचे धुळ्याकडचे. दार लावण्याआधी ते हाक मारत, "मझार कोनी शे का?" म्हणजे आत कोणी आहे का. रिकाम्या खोलीलाही विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज हाक आली नव्हती. म्हणजे नाना नव्हेत.

पंखा अचानक थांबला. वीज गेली. दुरुस्तीसाठी आज दुपारी वीज जाणार आणि संध्याकाळीच येणार, हे चहाच्या वेळी निघालंच होतं. छताजवळ कुठेतरी खट्‌ असा आवाज झाला.

थोड्या वेळाने पंखा पुन्हा फिरू लागला आणि मागची भिंत थरथरली. मोहिनीने भिंतीला पाठ टेकली. सूर्य भिंत हलवत नाही. पलीकडे जनरेटर धडधडत होता.

आता कारण कळलं. वीज गेल्यावर ती बाहेर असू नये, एवढ्यासाठीच तिला कोंडलं होतं.

तिच्या गळ्यात कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र होतं. पिकणारी केळी हा वायू सोडतात, म्हणून या खोल्यांना बाहेरची हवा द्यावी लागते. आतापर्यंत आकडा स्थिर होता. वीज गेल्यापासून तो चढू लागला होता. डोकं ठणकायला लागलं. जन्मभर दुसऱ्यांचा कार्बन मोजला, आता स्वतःचा मोजत मरायचं? तिला हसू आलं, आणि मग भयंकर भीती वाटली. संध्याकाळपर्यंत ती टिकणार नव्हती.

केळीच्या एका फणीत तापमापकाची सळई खुपसलेली होती. तिची वायर बाहेरच्या फलकाला जोडलेली. माणसाची हाक बाहेर पोचत नव्हती. पण माल तापला तर?

तिने सळई उपसली आणि काखेत धरली.

बाहेर भोंगा बोंबलला. लगेच कडी सरकली. दारात तोतारामनाना होते, धापा टाकत. त्यांनी तिला धरून बाहेर आणलं, पाणी पाजलं. तिला त्या क्षणी ते देवासारखे वाटले.

श्वास ताळ्यावर येताच तिने पोलिसांना फोन केला. मग अखिल शेठ, मॅनेजर हितेंद्र आणि नाना यांना समोर बसवलं.

"भोंगा वाजला तेव्हा कुठे पळालात, अखिल शेठ?"

अखिलची बोटं डिझेलने काळी झाली होती. "जनरेटरकडे. वाटलं, बंद पडला."

"म्हणजे आहे तर."

"आहे. कॅरेटच्या थप्पीमागे. पण तुम्हाला कोंडायला मी सांगितलं नाही, आईशप्पथ!"

"हितेंद्र, तुम्ही?"

"कॉम्प्रेसरकडे. माल तापल्यावर दुसरीकडे कुठे जाणार, मॅडम?"

"नाना?"

"मी दार उघाडं, ताई. तुमले बाहेर काढं."

"आणि लावलं कोणी?"

"मी दार लावस, तव्हय हाक मारस. बठ्ठासले ठाऊक शे."

"सगळ्यांना ठाऊक आहे, मीही आत तेच धरून बसले होते," मोहिनी म्हणाली. "पण हाक कशासाठी मारतात, नाना? आत कोणी आहे का ते कळायला. तुम्हाला ते माहीतच होतं. आणि विचारलं असतंत, तर मी ओ दिली असती."

नानांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला.

"केळी तापली तर माणूस मशीनकडे पळतो. हे दोघं पळाले. दार उघडलं तर माल आणखीच तापतो. दाराकडे तोच पळेल, ज्याला आत माणूस आहे हे माहीत आहे. मला वाचवलंत, म्हणूनच सापडलात."

नानांनी बंडीच्या खिशातून लाल दट्ट्या काढून टेबलावर ठेवला.

"डिझेल दिसनं की करार गया," ते म्हणाले. "बठ्ठा गावनं पोट आठे, या केंद्रवर शे. एक दुपार काढानी व्हती फक्त. वरनी झडप उघडी ठेयेल व्हती, ताई. हवा भेटी असं वाटनं."

हितेंद्रने मान खाली घातली. "नाना, ती झडप जनरेटरवर जोडलेलीच नाही. वीज गेली की आपोआप बंद होते."

नानांचा चेहरा पांढरा पडला. आपण काय करून बसलो होतो, हे त्यांना आत्ता कळलं. मोहिनीला त्यांची दया आली आणि संतापही आला. दोन्ही ती लपवू शकली नाही.

"जनरेटर मी अहवालात लिहिणार, नाना. हे दारही लिहिणार."

पोलिसांची जीप फाटकातून आत आली. नाना उठले. जाता जाता सवयीने त्या उघड्या खोलीपाशी थांबले. माल तापत होता. दाराला हात लावून ते आत वाकले.

"मझार..." आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "मझार कोनी शे का?"

"नाही, नाना," मागून मोहिनी म्हणाली. "मी बाहेर आहे. लावा दार."