काचेवरचा डाग

"अहो, ते दार तेवढं लावून घ्या! वास सहन होत नाही!"

नाकाला रुमाल लावलेल्या घड्याळजींचे हे शब्द बाहेर ओसरीत थोरल्याने ऐकले, आणि पाठोपाठ कडी बसल्याचा आवाजही... दार त्याच्याच घराचं होतं, आत जमलेली माणसं त्याच्याच समाजाची होती, आणि ज्यांच्यासाठी ती रोज सकाळी जमत होती, ते त्याचेच वडील होते!

वडील गेल्यापासून अकरा महिने मुलांनी रोज शोकाची प्रार्थना म्हणायची, असा त्यांचा धर्म. आज शेवटचा दिवस होता. ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. निदान दहा पुरुष एकत्र हवेत. "एकट्याचं ते रडणं रे," वडील म्हणायचे, "दहा जणांनी आमेन म्हटलं की मग त्याची प्रार्थना होते." आणि या छोट्या वस्तीत ओढूनताणून दहाच जण भरत.

वडील पवित्र ग्रंथांच्या प्रती लिहीत, चर्मपत्रावर, पिसाच्या लेखणीने. दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली, आणि खरं सांगायचं तर थोरल्याचं अक्षर अधिक देखणं होतं. पण चर्मपत्र करून देणारा कारागीर वारला, तेव्हा दोघांपैकी कुणीतरी चुन्याच्या हौदाशी उभं राहणं भाग पडलं. थोरल्याने आपली लेखणी धाकट्याच्या पुढ्यात ठेवली! तेव्हापासून तो कातडी नऊ नऊ दिवस चुन्यात भिजवी, केस खरवडी, चौकटीवर ताणून अर्धगोल पात्याने ती इतकी पातळ करी की पलीकडचा उजेड दिसावा. प्रत्येक कातडं हौदात सोडताना तो मोठ्याने म्हणे, "हे पवित्र ग्रंथासाठी." तसं म्हटल्याशिवाय ते ग्रंथाला चालत नाही. ग्रंथाला सगळं चाललं... पण नखांच्या भेगांत बसलेला तो वास कुठल्याही साबणाने जाईना, आणि माणसांना मात्र तो चालला नाही.

वडील गेल्यानंतर पहिल्याच आठवड्यात घड्याळजी आणि त्यांचा मेहुणा म्हणाले होते, "हा आत बसणार असेल तर उद्यापासून आम्ही येत नाही."

धाकटा भडकला. थोरल्याने त्याचा दंड धरला. "चिडू नकोस. हे दोघे गेले तर आठच उरतील. बाबांसाठी मी बाहेर बसतो."

आणि तिथेच एक चूक झाली. त्यांच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवतात. धाकटा रोज नऊ शब्द खोलीतल्या नऊ जणांवर ठेवी, आणि शेवटचा, ‘अनंतकाळ’ हा शब्द बंद दाराकडे बघून म्हणे. ओसरी घराचीच, असं तो धरून चालला होता. लिहिताना दोन अक्षरं केसभरही चिकटू न देणारा माणूस तो, पण इथे त्याच्या लक्षात आलं नाही!

थोरल्याच्या मात्र आलं होतं. वडिलांजवळ बसून त्याने तो नियम वाचला होता: बंद दाराआडचा माणूस दहात धरत नाहीत, पण खिडकीतून आतल्यांना तोंड दाखवील, तर तो त्यांच्यातलाच. खोलीच्या मागच्या भिंतीत उंचावर एक काचेची खिडकी होती. रोज सकाळी तो कामाचं स्टूल तिच्याखाली ठेवी, वर चढे, काचेला कपाळ टेकवी आणि शेवटच्या आमेनपर्यंत तसाच उभा राही... थंडीत, पावसात, ताप अंगावर असतानाही! आतले सगळे समोरच्या ग्रंथाच्या कपाटाकडे तोंड करून उभे. मागे वळून बघणार कोण?

कुरकुर करी ती एकटी भावजय, धाकट्याची बायको. "रोज पुसते, रोज तिथेच डाग! काच आहे की पाटी?"

"मांजर असेल," थोरला खाली बघत म्हणे.

"दादा, मांजराला एवढं मोठं कपाळ असतं होय?"

आज दहांतला एक जण आजारी होता, म्हणून शेजारच्या गावचे म्हातारे धर्मगुरू, रब्बी, आले होते. धाकट्याने वचन म्हटलं, शेवटच्या शब्दाला दाराकडे पाहिलं, आणि रब्बींनी हात वर केला.

"हा शब्द कुणाला दिलास?"

"माझ्या दादाला. ओसरीत बसलाय."

"बंद दाराआड? मग आपण नऊच आहोत, बाळा."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "रोज... रोज असंच मोजलं मी! म्हणजे बाबांसाठी एकही प्रार्थना..." तो घड्याळजींकडे वळला. "घड्याळजी, तुमच्या नाकापायी मी माझ्या बापाला अंतरलो हो!"

काचेपलीकडून थोरला हे सगळं बघत होता. टकटक करायला त्याने हात उचलला... पण इतके महिने लपवलेलं आता कसं मिरवायचं? हात तसाच अधांतरी राहिला.

"थांबा!" स्वयंपाकघराच्या दारातून भावजय ओरडली. "तो डाग! अहो, मागे बघा!"

सगळे वळले. काचेला टेकलेलं कपाळ, चुन्याने पांढुरक्या झालेल्या भुवया, आणि खाली घळाघळा वाहणारे डोळे...

"रोज?" रब्बींनी मोठ्याने विचारलं.

थोरल्याने मान हलवली.

रब्बी सावकाश म्हणाले, "मग एकही दिवस वाया गेलेला नाही. तुम्ही त्याला बाहेर काढलंत, पण तो तुमच्यातून गेला नाही! आपल्या प्राचीन मंदिरातल्या धुपात अकरा द्रव्यं असत. त्यांतला एक डिंक घाणेरड्या वासाचा, पण तो गाळला तर सगळा धूप बाद. त्यावरून ज्ञानी लोक सांगून गेले की पापी माणसाला वगळून समाजाने केलेला उपास हा उपासच नव्हे. आणि हा तर पापीही नाही. घड्याळजी, ग्रंथ बाहेर काढला की त्याला हात लावून ओठांना लावता ना? ते कातडं कुणाच्या हातचं?"

घड्याळजी उठले. कडी त्यांनीच काढली. "दादा... आत या हो."

"कपडे बदलून येतो," थोरला पुटपुटला.

"नाही! तसाच ये!" धाकट्याने धावत जाऊन त्याला मिठी मारली, त्या चुन्याच्या वासाच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. "सांगितलं का नाहीस, दादा?"

"सांगितलं असतं तर तू मला आत ओढलं असतंस, आणि हे दोघे गेले असते. मग दहा कुठून आणले असतेस, वेड्या?"

वचन पुन्हा म्हटलं गेलं. शेवटचा शब्द धाकट्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवून उच्चारला. दोघांनी एका आवाजात प्रार्थना म्हटली, आणि आमेन म्हणताना घड्याळजींचा रुमाल डोळ्यांना होता.

शोकाचे दिवस संपले तरी दुसऱ्या सकाळी सगळे नेहमीच्या प्रार्थनेला जमले; ती संपल्यावर भावजय सवयीने ओला फडका घेऊन खिडकीशी गेली. काच स्वच्छ होती. ती वळली आणि पहिल्या बाकावर थोरला बसला होता, तिथे पडलेली चुन्याची भुकटी हळूच पुसू लागली.